घरून फोन होता

मी सातवी नापास. वसईच्या एका भाजी संघाच्या कचेरीत शिपाई म्हणून लागलो, तिथेच म्हातारा झालो. गेल्या वर्षी साहेबांनी सगळ्यांच्या मोबाईलवर कामाचं नवं ॲप घातलं. कुठलं काम कुणाकडे, कुठवर आलं, कुणाला काय निरोप, सगळं त्यात टाकायचं. कुणी टाकेना. साहेब मला म्हणाले, "काका, आधी तुम्ही शिका. तुम्हाला जमलं की ह्यांना बोलायला तोंड राहणार नाही."

पंधरा दिवस डोकं फोडलं, पण शिकलो. बायको हसायची. "आता ह्या वयात शाला! पानी तरी पी आधी."

मग मी सगळ्यांच्या मागे लागलो. आमच्याकडे जागेवरून हाका मारायची सवय. फोनवर बसणारी पोरगी तर मागच्या गोदामापर्यंत ऐकू येईल अशी ओरडायची. तिला चारचौघांत झापलं, "बाजार मांडलायस काय? निरोप त्यात टाकायचा. तोंड बंद." रडली. पण शिकली.

त्या दिवशी मी गोदामात वांग्यांचे क्रेट उतरवून घेत होतो. खिशात मोबाईल वाजला. हात मातीने भरलेले, म्हटलं कुणीतरी निरोपाखाली अंगठ्याचं चित्र टाकलं असेल. पाऊण तासाने हात धुऊन बघितलं. "काका, घरून फोन होता. काकूंना बरं नाही. लगेच जा." शेजारणीकडे कचेरीचाच नंबर होता. पोरीच्या आणि माझ्या मध्ये एक भिंत, तिला दार.

रिक्षाने गासला, घरी पोचलो. शेजारीण अंगणातच उभी. "आत्ताच गेली रे. सारखी विचारत होती, आला का म्हणून."

डॉक्टर म्हणाले, तुम्ही लवकर आला असता तरी वाचली नसती. नसेल. पण मी जवळ असतो ना.

पोरगी तेराव्याला आली. "काका, तुम्हीच म्हणालात म्हणून..."

"तू बरोबर केलंस," म्हणालो. मी शिकवलं तसंच केलं होतं तिने.

पुढे साहेबांनी मला विरारच्या शाखेत शिकवायला पाठवलं. गेलो. सगळं दाखवलं. शेवटी म्हटलं, "कुणाच्या घरून फोन आला तर ह्यात टाकू नका. उठा. जाऊन तोंडाने सांगा."

एक जण हसला, "मग काका, हे शिकायचं कशाला?"

"भाजी किती आली ते टाकायला," म्हणालो, आणि खाली बसलो.