लाइट गेली तरी पाणी

पाणीखात्यात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से मागावे लागत नाहीत. एक आठवला की मागून चार येतात.

ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरला टेकडीखालच्या पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर होतो. आम्ही पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचो, तिथून ते आपसूक उतरून वस्तीत जायचं. लाइट गेली की टाकीत असेल तेवढं पाणी, नाहीतर डिझेल इंजिन. ते इंजिन मालवणकडच्या सावंत मिस्त्रींच्या ताब्यात. आणि आम्ही सगळे पाटकर मॅडमच्या, म्हणजे आमच्या इंजिनिअरबाईंच्या ताब्यात.

*

एकदा लाइट गेल्या गेल्या एका बाईंचा फोन आला. "आता पाणीपण जाणार ना?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नाही हो. पाण्याला चढायला लाइट लागते, उतरायला नाही."

*

एकदा टाकी फारच खाली गेली. उतारावरच्या सूतिकागृहाला पाणी पुरावं म्हणून बाकीचे व्हॉल्व्ह बंद करायचे ठरले. मी म्हटलं, "मॅडम, हा तुमच्या गल्लीचा. आज तुमच्याकडे हळदीकुंकू आहे ना?"

"म्हणूनच आधी तो बंद करा. मग बाकीच्यांना सांगायला तोंड राहील."

*

इंजिनाचा एक पार्ट तुटला, तेव्हा सावंत तो मांडीवर घेऊन बसने साकीनाक्याला गेले. तिथेही लाइट नव्हती. वर्कशॉपवाला म्हणाला, "लेथ कैसे चलेगा?"

सावंतांनी शर्ट काढला आणि लेथचं चाक फिरवणारा पट्टा हातात धरला. "पट्टो मी ओढतंय. तू फक्त कात."

संध्याकाळी पार्ट बसला.

*

सावंतांच्या मुलीचं, शुभाचं लग्न जवळच्याच हॉलमध्ये होतं. अक्षता पडल्या, जेवणं उरकली आणि लाइट गेली. इकडे मी इंजिन चालू करत होतो, ते धरेना. टाकी तळाला लागलेली. मॅडम म्हणाल्या, "काही झालं तरी सावंतांना बोलवायचं नाही. आज त्यांच्या मुलीचं लग्न आहे."

कोणी बोलावलं नाही. हॉलपर्यंत इंजिनाचा आवाज येईना, तेव्हा सावंत आपणहून आले. डोक्याला फेटा, कपाळावर कुंकू. डिझेलच्या नळीत हवा अडकली होती, ती त्यांनी काढली आणि इंजिन धडधडायला लागलं.

तेवढ्यात वऱ्हाडाची गाडी फाटकाशी थांबली. शुभा शालू सावरत आत आली, मागोमाग जावईबापू. ती पाया पडायला वाकली तशी सावंतांनी तेलाचे हात पाठीमागे नेले.

"बाबा, निघते मी."

सावंत गेजच्या काट्याकडेच बघत होते.

"थांब गो जरा. प्रेशर येवंदे. मगे जा."

शुभा त्यांना खेटून उभी राहिली. तिच्या शेजारी जावई, मग मॅडम, मग मी. बाहेर वऱ्हाड ताटकळलं होतं, पण कोणी हॉर्न दिला नाही. काटा हळूहळू चढत होता.