दोघा साक्षीदारांची नावे

माझ्या बायकोच्या मामांविषयी लिहा, असं आजवर अनेकांनी सांगितलं आणि दर वेळी मी चष्मा सापडत नाही म्हणून टाळलं. चष्मा नाकावरच असे. आता वय ऐंशीच्या पुढे गेलं आहे, म्हणून लिहून टाकतो. बायबलातल्या इस्राएलाची दोन्ही राज्यं कशी बुडाली, हे मामांना जितक्या तपशिलात ठाऊक होतं तितकं ती बुडवणाऱ्या राजांनाही ठाऊक नसावं. आणि ती राज्यं आपल्या छावणीतल्या चर्चच्या मंडळीतच, मागच्या बाकांवर कुठेतरी, अजून बुडत आहेत अशी त्यांची खात्री होती.

मामा एसटीत कंडक्टर होते. औरंगाबाद–पैठण हा त्यांचा ठरलेला रस्ता. तिकीट फाडता फाडता ते शलमोन राजापासून सुरुवात करत. चितेगावला राज्याची दोन शकलं होत, बिडकीनला अहाब गादीवर बसे आणि ढोरकीन मागे पडलं की उत्तरेचं राज्य संपलेलं असे. गाडीत शेतकरी, मेंढ्या विकून परतणारे धनगर, पैठणला दर्शनाला निघालेल्या बाया. ख्रिस्ती त्यांत एकही नसे, पण ऐकत सगळे. एकदा एक म्हातारा धनगर ढोरकीनला उतरायचं सोडून थेट पैठणपर्यंत आला. मामांनी हटकलं तर म्हणाला, “मास्तर, त्या ईजबेल राणीचं काय झालं ते ऐकल्याबिगर उतरू कसा? लई वंगाळ बाई.” मामांनी त्याला त्याच गाडीने परत नेलं आणि वाटेत दक्षिणेचं राज्यही सांगून टाकलं.

घरी भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेला राजांचा तक्ता होता. चांगले राजे निळ्या पेन्सिलीने, वाईट लाल. उत्तरेच्या रांगेत निळी पेन्सिल एकदाही लागली नव्हती, आणि म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली, असं ते म्हणत. कोंबड्याचं नाव मनश्शे ठेवलं होतं, कारण सगळ्यांत दुष्ट राजाने सगळ्यांत जास्त वर्षं राज्य केलं होतं आणि हा कोंबडाही कापायला कुणाला सापडत नव्हता. एका नाताळात मामींनी तो कापला. मामा जेवले नाहीत. “त्या मनश्शेला देवानं पश्चात्तापाला वेळ दिला होता. याला तुम्ही दिला नाय,” एवढं बोलून त्यांनी वरणभात मागितला.

उपासना संपली की ते चर्चच्या दारात उभे राहत. चांगल्या राजांनीसुद्धा देशातल्या मूर्ती फोडल्या, पण टेकड्यांवरची जुनी पूजेची उंच ठिकाणं तशीच राहू दिली, यावर त्यांचा फार राग. प्रत्येकाने एकेक राखून ठेवलं, म्हणत. मग बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला, “सलाम. उंच ठिकाण पाडलं का?” कुणी तंबाखूचं नाव घेई, कुणी भावाशी धरलेल्या अबोल्याचं. पाळकसाहेब मागच्या दाराने जात. मी एकदा म्हणालो, “माझं काही नाही, मामा.” ते म्हणाले, “मग नीट बघा, जावई. ज्याला दिसत नाय त्याचं सगळ्यांत उंच असतं.”

हे वेड त्यांनी नुसतं शास्त्रातून, म्हणजे बायबलातून, घेतलं नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या वेळी ते विशीत होते. पिढ्यान्‌पिढ्यांचं निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. ज्या कचेरीपुढे लोक चपला काढून उभे राहत, तिच्या पायऱ्यांवर पुढच्याच आठवड्यात शेळ्या बसल्या होत्या. “राज्य धक्क्यानं पडत नाय,” ते म्हणत. “आत भुसा झालेला असतो. धक्का नुसता निमित्ताला येतो. मंडळीचंही तेच.” आम्ही हसायचो. त्या हसण्यात माझा आवाज मोठा असे, हेही लिहून ठेवतो.

आमच्या चर्चमागे सीताफळीची झाडं आणि चार खोल्या होत्या. घरोघर वचन सांगत फिरणाऱ्या एका बायबलबाईने निराधार विधवांसाठी ती जागा मंडळीला दिली होती. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आम्हा पंचांना तिथे दुकानांचे गाळे काढायचे होते. मी पंचांचा चिटणीस. माझे टायपिंगचे वर्ग गळक्या छपराखाली चालत आणि कोपऱ्यावरचा गाळा मला मिळायचा होता. मामाही पंच होते, आणि ठराव एकमतानेच व्हावा लागे. त्यांनी उपासनेनंतरच्या पाठात लागोपाठ सहा रविवार एकच गोष्ट लावली: अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, नाबोथ देईना, म्हणून दोघांना खोटी साक्ष द्यायला बसवलं आणि नाबोथाला दगडांनी मारलं. सातव्या रविवारी पंचांनी ठरवलं की मामांना काढायचं. नियम असा होता की प्रभुभोजनाची, म्हणजे चर्चमध्ये पाळक वाटतात त्या पवित्र भाकरीची, निंदा केल्याची दोघांनी साक्ष दिली, तर पंचपद जाई आणि चुकीची कबुली देईपर्यंत प्रभूची भाकर बंद होई.

म्हणजे सहा आठवडे नाबोथ ऐकूनही आम्हाला दुसरी युक्ती सुचली नाही. आम्ही तीच केली.

पहिला साक्षीदार आता हयात नाही. दुसऱ्याने सांगितलं की पैठणच्या गाडीत मामा बोलताना त्याने ऐकलं: या पाळकाच्या हातची भाकर घेण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं. खरं वाटावं म्हणून त्याने “बिडकीनच्या पुढे” अशी पुस्तीही जोडली. असं मामा कधीही बोलले नव्हते. भाकर घेण्याआधी ते दोन्ही तळवे सदऱ्याला पुसून घेत, ते मी शेजारून पाहिलं होतं.

पाळकसाहेबांनी विचारलं, काही सांगायचं आहे का. मामा उठले. “नाबोथाच्या वेळीही दोघंच होते. शास्त्रात एकेका नालायक राजाच्या आईचंसुद्धा नाव दिलंय, पण त्या दोघांची नावं नायत. मला वाटायचं, लिहिणारा विसरला. आज कळलं. त्यांच्या बायकापोरांसाठी झाकली असतील.” मग ते माझ्याकडे वळले. मी सभेची वही उघडून बसलो होतो.

“जावई, वहीत नावं घालू नका. माझी भाची तुमच्या घरात आहे.”

आणि मी घातली नाहीत. माझ्या वळणदार अक्षरात “दोन साक्षीदारांनी साक्ष दिली” एवढंच लिहिलं, आणि टिपकागदाने शाई टिपली.

खोल्या पाडल्या. त्यातली एक विधवा देवगाव रंगारीला भावाकडे गेली, बाकीच्या कुठे गेल्या हे मी विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या गाळ्यात माझे वर्ग जोरात चालले. मामा मात्र दर रविवारी येतच राहिले. न केलेल्या चुकीची कबुली त्यांनी दिली नाही. भाकर घ्यायला रांग पुढे सरकली की ते जागेवरच गुडघे आखडून आम्हाला वाट करून देत. त्या गुडघ्यांपुढून मी कित्येक वर्षं गेलो आणि परत आलो. माझी बायको दोन वेळा माझ्याबरोबर पुढे आली. तिसऱ्या वेळी मामांशेजारीच बसून राहिली, ती कायमची. माझ्या गाळ्यात तिने पाऊल टाकलं नाही.

निवृत्तीनंतर मामा पैठणला मुलीकडे राहायला गेले. ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी एकटाच एसटीत बसलो. काय बोलायचं ते ठरलेलं होतं. मी नुसतं ते मामांना सांगून थांबणार नव्हतो. पंचांपुढेही सांगणार होतो, म्हणजे शेवटचे काही रविवार तरी त्यांना भाकर मिळाली असती. मामा खाटेवर होते. तक्ता त्यांनी तिथेही लावला होता. मला बघून उठायचा प्रयत्न करत त्यांनी विचारलं, “उंच ठिकाण पाडलं का, जावई?”

मी म्हणालो, “मामा, तब्येत कशी आहे?”

त्यांनी उठायचं सोडून परत उशीला डोकं टेकलं. मग त्यांनी हिज्कीया राजाचा आजार सांगितला, त्याला वाढवून मिळालेली वर्षं सांगितली, चहा प्यायला लावला आणि परतीची गाडी कुठली धरायची तेही समजावलं. खिडकी आधीच पकडा, ढोरकीनला गर्दी होते. मी सलाम केला आणि निघालो. चर्चच्या पुढच्या कापणीच्या सणाआधी ते गेले.

ती वही चर्चच्या कपाटात अजून आहे. तिच्यात नसलेल्या दोन नावांपैकी एक माझं आहे. आणि चितेगावपासून पैठणपर्यंत खिडकीशी बसून जे पाठ केलं होतं, ते एवढंच होतं: मामा, मी खोटं बोललो.