भावाच्या कामावर फिरवलेला पाना

गाडी शिकवणाऱ्या शाळेत तिला सगळे 'ब्रेकवाली बाई' म्हणत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि पायाखालचा जादा ब्रेक वेळेवर दाबायचा, यातच तिची उमेदीची वर्षं गेली. आईवडिलांची दुखणीखुपणी काढता काढता लग्न राहून गेलं. हौस म्हणाल तर एकच, आणि तीही सांगायची तिला लाज वाटे. एकदा मन भरेपर्यंत गाडी पळवायची होती.

शहराबाहेर शर्यतींचा ट्रॅक होता. अधूनमधून एखाद्या रविवारी तो सगळ्यांना खुला असे. आपली गाडी आणायची, तपासून घ्यायची, हेल्मेट चढवायचं आणि फेऱ्या मारायच्या. नंबर नाही, बक्षीस नाही. तिने हे थोरल्या भावाच्या कानावर घातलं. दादाचं सगळं आयुष्य गॅरेजात गेलेलं. नुकतंच त्याने ते बंद केलं होतं. 'थकलो' एवढंच म्हणाला होता.

"या वयात?" वहिनी हसली.

"लग्नाचं वय गेलं तिचं, वेगाचं कुठे गेलंय?" दादा म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी गाड्या बघायला निघाला.

एका बेकरीवाल्याची जुनी छोटी गाडी स्वस्तात मिळत होती. दादाने रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दारांवरून चुंबक फिरवून कुठे पत्र्याऐवजी लांबी भरून वर रंग दिला आहे ते पाहिलं, मग गाडीखाली आडवा होऊन स्क्रू ड्रायव्हरने गंज टोचून पाहिला. "तोंड काय, सगळेच धुऊन येतात," तो खालूनच म्हणाला. "पोट बघावं." बेकरीवाला वरमला आणि सौदा झाला.

मग बंद गॅरेजचं शटर पुन्हा वर गेलं. गाडी हलकी करायला मागची सीट, गालिचा, रेडिओ, दारांची अस्तरं सगळं काढलं. सीटखाली इतकं पीठ निघालं की वहिनी म्हणाली, "आता थोडं मीठ निघालं की मळायलाच घेते." बहिणीला इंजिनाची ताकद वाढवून हवी होती. दादाने साफ नकार दिला.

"इंजिनाला हात लावायचा नाही, धाकटे. आधी थांबता आलं पाहिजे."

त्याने ब्रेक पॅड बदलले, जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं, घट्ट धरून ठेवणारी सीट आणि रुंद पट्टे बसवले. काम करताना तो शीळ घालायचा. मधूनच थांबायचा, हातातल्या पान्याकडे बघत राहायचा. एकदा त्याने तिला आईच्या नावाने हाक मारली. दोघंही हसली.

चाकं चढवून झाली त्या संध्याकाळी ती गाडी गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेली. जरा वेग घेतला तोच स्टिअरिंग थरथरू लागलं, पुढून ठकठक ऐकू आली. इतक्या वर्षांच्या सवयीने तिने गाडी हळूहळू कडेला घेतली. खाली उतरून पाहिलं, तर पुढच्या चाकाचे नट नुसत्या बोटांनी फिरत होते. एक तर कधीच पडून गेला होता.

नट आवळून ती परतली. दादा हात पुसत उभा होता. "चाकं घट्ट केली होतीस ना?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हा काय प्रश्न झाला? स्वतःच्या हाताने केली."

तो खोटं बोलत नव्हता. हेच तिला सोसेना.

स्वयंपाकघरात तिने वहिनीला गाठलं. वहिनीने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "गॅरेज का बंद केलं वाटतं तुला? डॉक्टर म्हणाले, हे विसरणं वाढतच जाणार."

"मी मेले असते, वहिनी."

"माहीत आहे." वहिनीने डोळे टिपले. "पण गाडी आल्यापासून तो सकाळी उठून आपणहून दाढी करतो. शीळ घालतो. मला नाही गं तोंड उघडवलं."

बहिणीला राग आला होता, पण तो धरून ठेवायला जागाच उरली नाही. तिने दादाला काही सांगितलं नाही. तो काम करून हात धुवायला गेला की ती त्याने लावलेला प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळून बघे.

एक दिवस तो टॉवेल विसरला म्हणून परत आला. ती चाकाशी बसली होती, हातात त्याचाच पाना.

"माझ्या कामावर पाना फिरवतेस?"

त्याने चाकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्याला सगळं एकदमच कळलं असावं. पुढे होऊन त्याने तिच्या हातातला पाना घेतला, पुसला आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावला. "बरोबर आहे तुझं," तो हळूच म्हणाला. त्यानंतर त्याने हत्यार हातात घेतलं नाही. शीळही बंद झाली. उरलेलं काम दुसऱ्या गॅरेजवाल्याने केलं.

रविवारी ती गाडी घेऊन ट्रॅकवर गेली; दादा आणि वहिनी मागून रिक्षाने आली. तपासणीत गाडी पास झाली. आज शेजारच्या सीटवर ब्रेक दाबायला कोणीच नव्हतं. लांब सरळ रस्त्यावर तिने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, वळणाच्या तोंडाशी ब्रेक मारला, आणि गाडी एवढीशीही न डगमगता रस्ता धरून मंदावली. हेल्मेटच्या आत ती रडत होती. डोळे पुसता येत नव्हते, म्हणून ती ठरल्याआधीच बाहेर आली.

कुंपणाजवळ दादा वहिनीचा हात धरून उभा होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकाच्या आत पाहिलं.

"ब्रेक छान धरतात," तो परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाला. "काम कोणी केलंय?"

"माझ्या भावाने."

"मन लावून केलंय हो," दादा म्हणाला.

वहिनीने तोंड फिरवलं. दुपारची फेरी बाकी होती, पण बहिणीने कार्यालयात जाऊन नाव काढून घेतलं आणि तिघं घरी आली. ती पुन्हा ट्रॅकवर गेली नाही. गाडी मात्र तिने विकली नाही. दादा अजून काही सकाळी गॅरेजात जातो आणि गाडीच्या दारावर हात ठेवून उभा राहतो. आधी ती कोणाची आहे असं विचारायचा, आता तेही विचारत नाही.