हेडच बरोबर बसलं नाही

फोन आला तेव्हा मी भिलाई-३ च्या बाजारात भाजी घेत होतो. शालिनी वहिनींना सांभाळणारी कुसुम रडत होती, ‘‘भैया, जल्दी आओ, साहब गाडी के पास गिर गए.’’ सेक्टर २ मधल्या त्यांच्या क्वार्टरवर पोचलो तोवर सगळं संपलं होतं. वहिनींचा नवरा मनोहर, स्टील प्लांटच्या मशीन शॉपमधला माझा जन्माचा सोबती, शेडमध्ये पडला होता. हात ऑइलने काळे. वहिनी आत पलंगावर, भिंतीकडे तोंड करून...

दोन सीटची, उघड्या टपाची ती जुनी स्पोर्ट्स कार त्याने तरुणपणी रायपूरच्या भंगारातून आणून स्वतः उभी केली होती. लग्न झाल्यावर नवरीला तिच्यातूनच दुर्ग स्टेशनवरून घरी आणलं. सारा सेक्टर बघायला लोटला होता. पुढे संध्याकाळी वहिनी वळणावरच्या आवाजानेच गाडी ओळखायच्या आणि तो दारात येईतो चहाला उकळी आलेली असायची. मग एकदा इंजिन तापलं, सिलिंडर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, तडा गेला, पाणी ऑइलमध्ये उतरलं आणि गाडी ताडपत्रीखाली गेली ती गेलीच.

मागच्या वर्षी वहिनींना लकवा मारला. पायांत थोडं बळ आलं, पण वाचा परतली नाही, ओळखही नाही. आपणहून त्या उठतही नसत. मनोहरने ताडपत्री काढली.

‘‘आता कावून रे?’’ मी कारण विचारलं.

‘‘तिले माणसं ओळखू येत नाहीत. पण हा आवाज ओळखते का नाही, पाह्य तू.’’

हथखोजच्या एका वर्कशॉपमधून त्याने तडा वेल्ड करून आणला, हेडची खालची बाजू घासून सपाट करून घेतली. व्हॉल्व्ह मात्र घरीच, पेस्ट लावून, तळहातांमध्ये काठी फिरवत बसवले. हेडखाली बसणारं गॅसकेट कुठेच मिळेना, तेव्हा तांब्याच्या पत्र्यातून कापलं. इंजिन सुरू झालं त्या दिवशी मी तिथेच होतो. वहिनींना समोर खुर्चीत बसवलं होतं. मनोहर अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचा. ‘‘शालू... ऐकून राहिली ना?’’ वहिनी भिंतीवरची पाल पाहत होत्या. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा दाबला... शेवटी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

‘‘आवाज तो नाही आहे,’’ तो म्हणाला. ‘‘हेडच बरोबर बसलं नाही. पुन्हा खोलतो.’’

आवाज तोच होता. मला कळत होतं, त्यालाही. तरी त्याने हेड खोललं, बसवलं, वहिनींना बाहेर आणलं आणि परत खोललं. कधी टॅपेटला दोष, कधी गॅसकेटला. जेवण सुटलं, दाढी वाढली. एकदा न राहवून मी म्हणालो, ‘‘मनोहर, हेडमध्ये काही नाही रे. वहिनीच आता...’’ त्याने हातातला पाना टेबलावर आपटला. ‘‘हेडमंदी नसंन त मंग कुठं आहे? सांग ना मले! हेड मले दुरुस्त करता येते.’’

मी नट आवळायला बसलो.

हेड उतरवलेलं असतानाच तो गेला.

तेरवीनंतर वहिनी संध्याकाळी आपणहून उठायला लागल्या. भिंत धरत, पाय ओढत शेडपर्यंत जातात, टेबलावरच्या हेडवरचं फडकं काढतात आणि उघड्या इंजिनासमोर उभ्या राहतात. परवा मी विचारलं, ‘‘काय पाहून राहिल्या, वहिनी?’’ धूळ बसेल म्हणून फडकं परत टाकायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं... आणि अंधार पडेपर्यंत सोडलं नाही.