विहिरीजवळची लोकसभा

लोकसभेचा निकाल लागून आठवडाही झाला नव्हता. कोण कोणाला पाठिंबा देणार, कोणाला कुठलं खातं मिळणार आणि अध्यक्षाच्या खुर्चीत कोण बसणार, याचा आमच्या पुण्याच्या सोसायटीत सकाळ-संध्याकाळ इतका काथ्याकूट चालला होता की मी वैतागून बॅग भरली. निमित्तही आयतंच मिळालं होतं. भास्करचा फोन आला होता. भास्कर म्हणजे बँकेतला माझा जुना सहकारी, बायकोला गावी ठेवून एकटाच नोकरी करणारा. निवृत्त झाल्यावर तो बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या गावी, धामणगाव बढ्याला, परत गेला आणि आठ दिवसांत त्याची भाषाही परत गेली.

"ये बे, रोडगे खायले ये," तो म्हणाला. "अन् तुह्याकडे थोडं कामही हाये."

रोडगे हा शब्द ऐकल्यावर पुढचं वाक्य माझ्या कानात शिरलंच नाही. चार दिवस राजकारण बंद, एवढ्याच आनंदात मी गाडीत बसलो.

गाडीत समोर दोन गृहस्थ बसले होते. त्यांनी दौंडपासून मंत्रिमंडळ बनवायला घेतलं, मनमाडला ते पाडलं आणि भुसावळपर्यंत नवं उभं केलं. त्यातल्या एकाने मला अर्थखातं देऊ केलं, पण मी वरच्या बर्थवर जाऊन तोंडावर चादर ओढली.

मलकापूरला उतरलो तेव्हा सकाळ होती, पण ऊन दुपारचं होतं. स्टेशनाबाहेर आलुबोंडा (आपला बटाटेवडाच, पण अंगाने दुप्पट) खाल्ला. सोबतची तळलेली मिरची मी पुणेरी आत्मविश्वासाने अख्खी तोंडात टाकली. पुढची काही मिनिटं मला आठवत नाहीत. हॉटेलवाल्याने न मागता पाण्याचा जग समोर ठेवला आणि म्हणाला, "मिरची आमच्याकडली हाये साहेब, पाहुण्याले वळखत नाही."

मोताळ्याहून पुढे काळी-पिवळी जीप होती. ड्रायव्हर बाहेर उभा राहून तंबाखू मळत होता. गाडीत माणसं कोंबून भरलेली, तरी ती हलेना.

"कधी निघणार?" मी विचारलं.

"बहुमत झालं का निघतो."

"भरली की गाडी!"

"ते आपल्याले दिसते. गाडीले अजून दोघं लागतात." त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही असं करा साहेब, बाहेरून पाठिंबा द्या."

म्हणजे एक पाय आत, एक पायरीवर आणि हात टपाच्या कडीला. राजकारणापासून पळालेला मी धामणगावपर्यंत असा लोंबकळत गेलो. मात्र त्यामुळे दोन्ही बाजूंचा मुलूख मोकळेपणी पाहता आला. नांगरून ठेवलेली काळी वावरं (शेतं) पेरणीची वाट पाहत पडली होती, बांधांवर निंब आणि बाभळी, आणि दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगराची निळसर कड. सगळीकडे कोरडं होतं, तरी उजाड वाटत नव्हतं. पेरायचं काय ते ठरायचं बाकी होतं, एवढंच.

भास्करच्या घरी पोचल्यावर पाणी, चहा आणि चौकशा झाल्या. घरात सहा मोठी माणसं. भास्करचे वडील दादाजी, त्यांची विधवा बहीण कमळाआत्या, भास्कर आणि सुमनवहिनी, धाकटा भाऊ रमेश आणि त्याची बायको वंदना. जेवण संध्याकाळी वावरात आहे असं कळलं. मग भास्करने मला बाजूला घेतलं.

"आज आमच्या घरची लोकसभा हाये," तो म्हणाला. "अन् तू अध्यक्ष."

मला वाटलं, उन्हाने त्याला काहीतरी झालंय. पण तो गंभीर होता. फार वर्षांपूर्वी दादाजी शेतकऱ्यांच्या एका जथ्याबरोबर दिल्लीला गेले होते. तिथे त्यांना अर्धा तास लोकसभेच्या प्रेक्षक-सज्जात बसायला मिळालं. एक सभासद खाली बसल्याशिवाय दुसरा उठत नाही, हे पाहून ते इतके हरखले की घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, यापुढे या घरात असंच भांडायचं. (दादाजी बहुधा चांगल्या दिवशी गेले असावेत.) तेव्हापासून दिल्लीत नवी लोकसभा आली की या घरातही सभा बसते आणि घराचा कारभारी निवडते. काय पेरायचं, कुठं विकायचं, कोणाच्या लग्नाला किती जणांनी जायचं, सगळं कारभारी ठरवतो. सत्ताधारी अध्यक्षाच्या उजव्या हाताला, विरोधक डाव्या हाताला. बायकांना पहिल्या दिवसापासून मत आहे, ही दादाजींची अट.

गेल्या दोन खेपा कारभारी रमेश होता. यंदा त्याच्यासमोर सुमनवहिनी उभ्या होत्या. दादाजी आजवर अध्यक्ष असायचे, पण आता कानाने दगा दिल्यामुळे त्यांनी राजीनामा दिला होता. ज्याला ऐकू येत नाही त्याने अध्यक्ष होऊ नये, असं त्यांचं मत होतं.

"बाहेरचा, कोणाच्या बाजूचा नाही असा माणूस पाह्यजे," भास्कर म्हणाला. "तुले काही करायचं नाही. मतही नाही तुले. नुसतं खुर्चीवर बसायचं अन् मंग रोडगे खायचे."

खरं सांगतो, मला आवडलं. उभ्या आयुष्यात मला बँकेच्या गणेशोत्सव मंडळाचंही अध्यक्ष कोणी केलं नव्हतं. मी दुपारी सदऱ्याला इस्त्री मारून घेतली.

संध्याकाळी आम्ही वावरात गेलो. विहिरीजवळ निंबाखाली प्लास्टिकची एक खुर्ची, तिच्यावर घडी घातलेलं घोंगडं, हे माझं आसन. दोन्ही हातांना एकेक बाज (सुतळीची खाट). डाव्या बाजेपलीकडे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे (जाड कणकेचे गोळे) भाजत टाकलेले. त्या वासाने माझं निम्मं लक्ष कामकाज सुरू होण्याआधीच विरोधी बाजूला गेलं होतं.

उजव्या बाजेवर रमेश, वंदना, भास्कर आणि कमळाआत्या. डाव्या बाजेवर सुमनवहिनी आणि दादाजी, दोघंच. भास्कर बायकोच्या विरोधात बसलेला पाहून मी भुवया उंचावल्या. तो दुसरीकडे पाहू लागला.

"भावाले शब्द देऊन बसलो," तो पुटपुटला.

"देऊ द्या," सुमनवहिनी समोरून म्हणाल्या. "जेवायले इकडंच यायचं हाये."

मी एकेकाला शपथ दिली. खरं बोलेन, मध्ये बोलणार नाही आणि निकाल लागल्यावर रुसणार नाही, अशी ती शपथ होती. तिसरं कलम दिल्लीलाही घ्यायला हरकत नाही.

रमेश पहिला उठला. माणूस सरळ, मुद्द्याचा. विहिरीजवळचा तुकडा सुमनवहिनींच्या भाजीपाल्याखाली होता. मिरची, वांगी, भेंडी, कोथिंबीर. तो तुकडा मोडून यंदा सगळीकडे सोयाबीन पेरायचं, असा त्याचा बेत.

"भाजीपाला म्हणजे रोजची कटकट," तो म्हणाला. "रोज तोडा, रोज निवडा, भाव पडला का ढोराईपुढं टाका. बायाईच्या कंबरा मोडून राह्यल्या. सोयाबीन एकदा पेरलं का झालं. म्या काही वैरी हाओ का घरचा?"

वैरी तो नक्कीच नव्हता. मला त्याचं पटलंसुद्धा.

मग सुमनवहिनी उठल्या. पदर खोचला आणि एवढंच म्हणाल्या, "कंबर माही हाये. तिची काळजी म्या करतो का नाही ते मले इचारा. या तुकड्यात वांगे अन् मिरची राहीन. बाकीच्या वावरात रमेशभाऊनं खुशाल सोयाबीन पेरावं. माहं भाषण संपलं."

याच वेळी वंदना नवऱ्याच्या बाजेवरून उठली. ती कडेला बसली होती, त्यामुळे ती उठताच बाजेचा तोल गेला आणि कमळाआत्या रमेशच्या मांडीवर घसरल्या. तिकडे न पाहता वंदना तरातरा डाव्या बाजेवर येऊन बसली.

"तू काऊन तिकडं?" रमेशला धक्काच बसला.

"बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी घराबाहेर निघतो," वंदना म्हणाली. "चार बाया भेटतात, चार गोष्टी होतात. सोयाबीन तुम्ही घेऊन जासान अडत्याकडं. आम्ही कुठं जाऊ?"

मी आवाजी मतदान घेतलं. सुमनबाई कारभारी व्हाव्यात, यावर 'हाव' (म्हणजे हो) आणि 'नाही' इतक्या जोरात झालं की बांधावरचे बगळे उडाले. मग हात वर करायला सांगितले. इकडे तीन. तिकडे तीन.

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"आता अध्यक्षाचं मत," भास्कर म्हणाला.

"मला मत नाही म्हणाला होतास ना?"

"एरव्ही नसते. बरोबरी झाली तं असते. तसं घटनेतच हाये."

या माणसाने बँकेतही मला असंच न सांगता पुढे केलं असतं, तर मी कधीच बदली मागून घेतली असती. ज्यांच्या घरी उतरलो, त्यांच्याच घरात मी फूट पाडायची! मी सभा तहकूब केली.

तहकुबीत जे व्हायचं ते झालं. रमेश मला गोठ्याकडे घेऊन गेला आणि सोयाबीनचे फायदे पुन्हा समजावले. कमळाआत्यांनी वाटेत गाठलं. "रमेशनं मले काशीले नेतो म्हटलं," त्या कानाशी कुजबुजल्या. "पण सुमननं कबूल केलं तं मी काही हट्टी बाई नाही." मी त्यांना म्हटलं, मतदान होऊन गेलं आत्याबाई. "हाव का?" त्या म्हणाल्या आणि हिरमुसल्या.

सुमनवहिनी मात्र माझ्याकडे आल्याच नाहीत. त्या निखाऱ्यातले रोडगे उलटत होत्या. शेवटी मीच गेलो.

"तुम्ही काही म्हणणार नाही?"

त्यांनी चिमटा बाजूला ठेवला. "भाऊजी, या घरात आली तवा वीस वर्षांची होती. वावरात रोज राबली. पण आजपर्यंत कोणी इचारलं नाही का बाई, तुह्या मनात काय पेरायचं हाये. तेवढा एक तुकडा मी न इचारता धरला, म्हणून माहा हाये. तो गेला तं माह्याजवळ नुसतं राबणं राह्यते." आणि पुन्हा चिमटा उचलून म्हणाल्या, "तुम्ही पाहुणे हा. पाहुण्यानं घरचं भांडण काऊन डोक्यावर घ्यावं? द्या रमेशभाऊले. म्या रुसत नाही."

मला एकदम फार वाईट वाटलं. आतापर्यंत हा सगळा मला पाहुण्यांच्या करमणुकीचा खेळ वाटत होता.

मी खुर्चीवर जाऊन बसलो. घसा साफ केला. अध्यक्षाने छोटंसं भाषण करावं म्हणून मी मनात चार वाक्यं जुळवली होती, पण तोंडातून एकच शब्द निघाला.

"हाव."

रमेश उठला. मला वाटलं, आता हा निघून जाणार. तो डाव्या बाजेपाशी गेला, सुमनवहिनींसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "चला वहिनी, इकडं बसा." आणि त्यांना उजव्या बाजेवर आणून बसवलं. कमळाआत्या आधीपासून तिथेच होत्या. त्यांना जागा बदलावी लागली नाही.

रोडगे फोडून त्यांच्यावर तूप ओतलं, वर वांग्याची भाजी आणि डाळ. मी किती खाल्ले ते सांगत नाही. भास्करच्या ताटात मात्र सगळ्यात करपलेले दोन पडले. त्याने ते मुकाट्याने संपवले. रमेश जेवला आणि लगेच गोठ्याकडे निघून गेला.

सकाळी निघण्याआधी मी एकटाच विहिरीकडे फिरायला गेलो. मोटर चालू होती. रमेश गुडघ्यापर्यंत पँट दुमडून, हातात फावडं घेऊन सुमनवहिनींच्या मिरचीच्या रोपांना पाणी देत होता. एक वाफा भरला की माती ओढून दार बंद करायचा आणि पुढचं उघडायचा. विहिरीत पाणी बेताचंच होतं. तो ते सांडू देत नव्हता.

मी संकोचून म्हटलं, "रमेशराव, रागावला नाहीत ना?"

"राग आला ना! रातभर झोप नाही." त्याने फावडं टेकवलं. "पण सभागृहानं ठरवलं तं ठरवलं. रोपं काऊन वाळवायचे?" मग जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, तुम्ही पुण्याचे, पेपर वाचता. दिल्लीचं हे सरकार टिकते का पाच वर्षं?"

"का हो?"

"आमचा कायदा असा हाये का दिल्लीची लोकसभा बरखास्त झाली तं घरची बी होते. मांगं एकदा तिथं एका मतानं सरकार पडलं, तं इथं दादाजीनं नोकरीवरून कारभार पाहणाऱ्या भास्करभाऊले उतरवलं होतं. मंग पुन्हा मतदान." तो हसला. "वंदनाले म्या तवापर्यंत फोडतो."

परतीला बुलढाण्याहून बस होती. तिथवर नेणाऱ्या एसटीचं इंजिन राजूरच्या घाटात तापलं आणि आम्ही सगळे प्रवासी दगडांवर बसून राहिलो. मांडीवर सुमनवहिनींनी दिलेली वांग्या-मिरच्यांची पिशवी होती. खाली मोताळ्याकडची काळी वावरं दिसत होती. एवढ्या दुरून त्यातला विहिरीजवळचा तुकडा ओळखू येणं शक्य नव्हतं, पण मी शोधत राहिलो.

पुण्यात आलो त्याला आता बरेच दिवस झाले. राजकारणाचा कंटाळा आलेला मी आता पेपर पहिल्या पानापासून वाचतो. दिल्लीत कुठला मित्रपक्ष रुसला, कोणी बैठकीला गेलं नाही, कोणी सूचक बोललं की मी ती बातमी दोनदा वाचतो. परवा बागेत फिरताना आमच्या कट्ट्यावरचे एक गृहस्थ मोठ्या खुशीत म्हणाले, "हे सरकार काही वर्षभर टिकत नाही बघा!" मी त्यांच्यावर इतका खेकसलो की ते दचकले.

"तुम्ही यांना मत दिलं होतंत?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पण पाच वर्षं टिकायलाच हवं. तिकडे एका बाईला तिच्या मनातलं पेरायला पहिल्यांदाच मिळालंय."