जर्मन बंदुकीचे वाकडे स्क्रू

उत्तर सीमेवरच्या पोस्टिंगला मी बटालियनचा आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. माझं गाव दारव्हा. कोतचा, म्हणजे शस्त्रागाराचा, एनसीओ नाईक वसराम हा दिग्रसजवळच्या तांड्यातला. ऑफिसर्स मेसमधल्या दोन जुन्या शॉटगन सफाईला आमच्याकडे येत. एक जर्मन, एक अमेरिकन. दोन्ही दुनळी, दोन्ही आमच्या बापांहून म्हाताऱ्या.

जर्मन बंदुकीचा दस्ता लोखंडाला असा बसलेला, की मध्ये नख जाणार नाही. आत पट्टीच्या स्प्रिंगा, हातानं घासून बसवलेल्या. सगळ्या स्क्रूच्या खाचा एका रेषेत. अमेरिकन बंदूक मशीनवर कापलेली, राकट; आत गुंडाळीच्या स्प्रिंगा, नक्षी नावापुरती. मी जर्मन बाजूचा. वसराम ऐकायचा नाही.

"तुह्या जर्मनाची पट्टी तुटली तं कारागीर कुठून आणशीन? अमेरिकनमंदी दुसरी टाकली का झालं. माह्या बापाची बी जर्मनच हाय. तिच्या पट्टीचा भरोसा नाही."

"तिले हात लावशीन तं याद राख!" मी म्हणायचो.

एका सकाळी पेट्रोलिंग पार्टी निघाली. माणूस कमी पडला म्हणून वसराम गेला. वायरलेसवर नाव घ्यायचं नाही, असा आमच्यात नियम होता. माणूस त्याच्या रायफलच्या बट नंबरावरून, म्हणजे दस्त्यावरच्या आकड्यावरून, सांगायचा.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"बट नंबर बोला. ओव्हर."

"एकतीस. ओव्हर."

एकतीस नंबरची रायफल पहिल्यापासून वसरामची. त्या सकाळी मीच ती त्याच्या हातात दिली होती. संध्याकाळी ती परत आली. मी ती साफ केली आणि रॅकवर ठेवली. त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

मी आता पेन्शनीत आहे. यंदा निवडणुकीआधी नेहमीप्रमाणे परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. वसरामच्या बापाची बंदूक आता त्याच्या धाकट्या भावाच्या, उत्तमच्या नावावर आहे, रानडुकरांसाठी. निकालानंतर ती परत आली आणि वसरामच्या बायकोनं, कमलावहिनींनी, मला बोलावलं.

"भाऊ, एकदा पाहून घ्या. यायच्या हातची तेवढीच वस्तू राह्यली घरात. दिग्रसच्या शेठची अमेरिकन बंदूक बी तिथंच ठाण्यात ठेवली होती म्हणते. थो शेठ आपली बंदूक इकत मांगाले दोनदा आलता."

नोकरीनं मला एक खोड लावली आहे. 'रिकामी आहे' म्हणून दिलेली बंदूकही मी उघडून बघतो. माणसांचंही तसंच. नळीवरचा नंबर परवान्याशी जुळला. पण खालच्या पत्र्याच्या स्क्रूंच्या खाचा वाकड्या, एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. जर्मन कारागीर मेला तरी असं सोडणार नाही. बंदूक कोणीतरी उघडली होती.

"नळी तुमचीच हाय, वहिनी. आतलं काही खरं दिसत नाही."

पत्रा काढला. डावीकडे जर्मन पट्टी. उजवीकडे अमेरिकन गुंडाळी. माझं डोकंच फिरलं.

"शेठनं पुर्जा मारला!"

उत्तमनं मोटरसायकलची किल्ली उचलली. "आज त्याले सोडत नाही."

संतापात मी पत्रा पुसायला घेतला आणि उलटा केला. आतल्या बाजूला पंचानं ठोकलेले बारीक ठिपके होते. ३१.

आमच्या कोतमध्ये सुट्या केलेल्या भागावर असाच बट नंबर ठोकायची पद्धत होती. अदलाबदल होऊ नये म्हणून.

"उत्तम, बस खाली. शेठनं काही केलं नाही. हे वसरामचं काम हाय."

वहिनींनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"शेवटच्या सुट्टीत कानस घेऊन बसले होते. म्या म्हटलं, काय घासून राह्यले? तं म्हणे, दारव्ह्याच्या भाऊले सांगू नको, थो माह्या जीवावर उठन."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. पत्रा परत लावला. स्क्रूच्या खाचा सरळ केल्या नाहीत. त्यानं सोडल्या होत्या तशाच वाकड्या ठेवल्या. मग रिकामी काडतुसं घालून दोन्ही घोडे ओढले. पट्टी थकल्यासारखी वाजली. गुंडाळी खणखणीत.

वाद वसरामनं जिंकला होता. मला चिडवायला तेवढा तो राहिला नाही.