मेंढरं आधी पितात

राहीबाईला वाचता येत नव्हतं, पण दारावर ठोकलेल्या कागदावर काय लिहिलंय ते तिला पाठ होतं. जत तालुक्यातल्या त्या वाडीत ते सगळ्यांनाच पाठ होतं.

स्वभावानं ती पहिल्यापासून संशयी. नवरा वारल्यावर ते फार वाढलं. थोरली जाऊ धोंडुबाई, तिची अक्का, शेजारीच राहायची, राहीवर पाठच्या बहिणीसारखी माया करायची, आणि राहीचा सगळा संशय नेमका तिच्यावर. अक्का पिठात कायतरी मिसळते, अक्कानं माझ्या घागरीत कायतरी टाकलं. एकदा तर दोन दिवस तिनं पाण्याला तोंड लावलं नाही आणि भरली घागर अक्काच्या अंगणात नेऊन उपडी केली.

वाडीनं आपल्या अकलेनं निदान करून ठेवलं होतं, बाईला बाहेरचं लागलंय. दुसऱ्याच्या अंगातलं भूत लोकांना फार लवकर दिसतं. मग दर अमावस्येला देवऋषी, मिरच्यांची धुरी आणि पाठीवर कडुलिंबाचे ओले फोक. तीन वर्षं हे चाललं. दरवेळी अक्काच मध्ये पडायची, तिला घरी आणून पाठीला तेल लावायची, आणि राही त्या तेलाचाही वास घेऊन बघायची.

शेवटी तिचा मुलगा तानाजी, जो इस्लामपुरात मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होता, तिला सांगलीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं तासभर तिचं ऐकून घेतलं. इतका वेळ तिचं कुणीच कधी ऐकलं नव्हतं. मग तो म्हणाला, हे भूत नाही आणि बाईचा दोषही नाही. याला संशयी व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. गोळीनं भीती कमी होईल, बाकीचं महिन्याच्या महिन्याला येऊन बोलण्यानं. राही तिथंच रडली. इतक्या वर्षांच्या छळाला काहीतरी नाव होतं म्हणून तिला हलकं वाटलं. निघताना डॉक्टरनं तानाजीला बजावलं की हे नाव घरातच ठेव, आणि आई काही म्हणाली तर आधी जाऊन बघ, मग ठरव.

तानाजी भला पोरगा, पण घाईचा. डॉक्टरनं आजाराचं नाव लिहून, सही-शिक्का मारून दिलेला कागद त्यानं इस्लामपुरात लॅमिनेट करून घेतला आणि देवऋषीच्या माणसांनी उंबरा ओलांडू नये म्हणून थेट दारावर ठोकला. आणि खरं सांगायचं तर त्याचा गुण आला. भुताला न भिणारी ती माणसं शिक्क्याला भ्याली. धुरी थांबली, पाठीवरचे वळ बुजले, राहीला झोप लागू लागली. रोज सकाळी ती पदरानं कागद पुसायची.

मग हळूहळू वाडीचा आवाज बदलला. कुणी तिच्यावर ओरडेना. मेंढा लंगडतोय म्हणाली, पत्र्याचा खिळा निघालाय म्हणाली, की समोरचा माणूस एकदा दाराकडे बघायचा आणि मऊ आवाजात विचारायचा, "औषध घेतलंस का, बाई?" दुकानदार तेच, शेजारीण तेच, फोनवर तानाजीही तेच. सगळ्यांचा आवाज एकाच तोंडातून आल्यासारखा. तिच्या अंगावर काटा यायचा. मग ती स्वतःलाच समजवायची, की हेही आजारातलंच असेल.

वैशाखात एके सकाळी टँकर आला आणि विहिरीत रिकामा झाला. दुपारी राहीनं ते पाणी शेंदून जनावरांच्या दगडी डोणीत ओतलं आणि मेंढरं सोडली. तीसच्या तीस तहानलेली जनावरं धावत आली, तोंडं खाली घातली आणि थबकली. मग एकेक करून मागं सरकली. एकही ओरडलं नाही. ऊन डोक्यावर, सावली पायात, आणि सगळी मेंढरं तिच्याकडे बघत उभी. तिनं ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं. तिला कसलाच वास आला नाही.

राहीचा बाप मेंढरं घेऊन मुलूख फिरलेला. परक्या गावचं पाणी आधी मेंढरांनी प्यायचं, मग माणसांनी, हा त्याचा नेम. तो मोडला म्हणून त्यानं एकदा तिच्या कानाखाली वाजवली होती.

अक्का विहिरीवर घागर भरत होती. राही जवळ जाऊन म्हणाली, "अक्का, ह्या पाण्यात कायतरी हाय. मेंढरं पिईनात."

धोंडुबाईनं घागर खाली ठेवली आणि मायेनं तिच्या गालावरून हात फिरवला. "औषध घेतलंस का, राही?"

राहीला आपलेच शब्द परत ऐकू आले. पाण्यात कायतरी हाय. मागं हेच शब्द, हीच अक्का, अशीच घागर. डॉक्टर म्हणाला होता, असा विचार आला की खाली बसायचं, श्वास मोजायचे, तो निघून जातो. ती बसली. घागर तिच्या हाताच्या अंतरावर होती, नुसता धक्का दिला असता तरी पुरे होतं. तिनं दोन्ही हात मांडीत दाबून धरले. अक्कानं घागर डोक्यावर घेतली आणि ती घरी गेली. राहीनं स्वतः मात्र ते पाणी प्यायलं नाही, आणि त्याची तिला लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी अकरा घरांत जुलाब-उलट्या. टँकरनं आधी कुठली तरी घाण वाहिली होती आणि तो कुणी धुतलाच नव्हता, असं नंतर कळलं. बाकीचे वाचले. धोंडुबाई दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच गेली.

तानाजी आला, आईच्या पायावर डोकं ठेवून रडला आणि कागद उचकटायला दाराकडे गेला. राहीनं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. काढलास तर म्हणतील, हिनंच करणी केली. परत धुरी पेटंल."

कागद तिथंच राहिला. आता टँकर आला की बाया रिकाम्या घागरी घेऊन डोणीपाशी गप उभ्या राहतात. राहीची मेंढरं प्यायली की मगच भरतात. राहीला कुणी काही विचारत नाही. विश्वास आहे तो मेंढरांवर. त्यांच्या नावाचा कागद कुठं ठोकलेला नाही.

बाया गेल्यावर, ऊन डोक्यावर आलं की, विहिरीच्या काठावरून मऊ आवाज येतो, "औषध घेतलंस का, राही?"

"व्हय अक्का, घेतलं," राही म्हणते.

हे तिनं तानाजीला सांगितलेलं नाही, डॉक्टरलाही नाही. हा आपला आजारच, असं तिनं ठरवून टाकलंय. फक्त तो आवाज आला की दरवेळी तीसच्या तीस मेंढरं पाण्यातून तोंडं वर काढतात आणि विहिरीकडे बघतात.